पिवळा दिवा का लागलाय ते गाडीच्या मालकाला कळू द्या : दुचाकी कंपन्यांना आणि ग्राहक व्यवहार विभागाला खुलं पत्र

प्रति,
दुचाकी बनवणाऱ्या सगळ्या कंपन्यांचे सर्व्हिस विभाग,
आणि ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली.

साहेबांनो, नमस्कार.

माझ्या गाडीला ब्लूटूथने मोबाईल जोडला की कुणाचा फोन येतोय ते नाव मीटरवर दिसतं, मेसेज आला की पाकिटाचं चित्र येतं, पुढं डावीकडं वळायचं का उजवीकडं त्याचा बाण पण येतो. आणि त्याच मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला तर तो कशामुळं लागलाय हे मात्र मीटर सांगत नाही, तुमचं अ‍ॅप सांगत नाही, आणि सर्व्हिस सेंटरला फोन केला तर "गाडी घेऊन या सर, बघून सांगतो" एवढंच उत्तर. गाडीला सगळं माहिती असतं हो. ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, बिघाडाचा कोड नोंदलेला असतो. फक्त ज्यानं पैसे मोजून गाडी घेतली त्याला तो सांगायचा नाही असं तुमचं ठरलेलं आहे, आणि माझी तक्रार त्या ठरवण्याबद्दल आहे.

मी आजऱ्याचा. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, कोल्हापूर जिल्हा, आंबोलीच्या अलीकडं. पावसाळ्यात इकडं पाऊस कसा असतो ते इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. माझं काम विम्याचं, रोज कुठल्या ना कुठल्या वाडीवस्तीवर जावं लागतं आणि एसटीच्या टायमात ते बसत नाही, त्यामुळं गाडी बंद म्हणजे काम बंद. इंजिन ऑईल, चेन, ब्रेक पॅड, एअर फिल्टर, टॅपेट हे सगळं मी घरीच बघतो, वडील बघायचे तसंच. कार्बोरेटरच्या गाड्या होत्या तोपर्यंत एक पाना-पक्कडचा डबा, एक फिलर गेज आणि थोडा वेळ एवढ्यावर भागायचं, जेट तुंबला तर काढून फुंकायचा, मिक्श्चर स्क्रू कानानं लावायचा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला, इंजेक्टर आला, ईसीयू आला, एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर आला. एप्रिल २०२३ पासून ओबीडी-२ चा, म्हणजे गाडीनं स्वतःचा बिघाड ओळखून नोंदवायच्या नियमाचा, पहिला टप्पा, एप्रिल २०२५ पासून त्याच्या पुढचा. हे सगळं प्रदूषण कमी व्हावं म्हणून सरकारनं कायद्यानं आणलं आणि ते चांगलंच केलं, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. गाड्यांच्या किमती वाढल्या, त्या पण आम्हीच भरल्या. पण गाडीत कॉम्प्युटर बसवायचा आणि त्याला प्रश्न विचारायची सोय मात्र फक्त डीलरकडं ठेवायची, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय ते मला कुणीतरी दाखवा.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो म्हणजे नुसता वैताग काढतोय असं वाटायला नको. ऐन जुलैत दिवा लागला. गाडी चालू व्हायची पण स्लो आयडलिंगला डचमळायची, पेट्रोलचा वास यायचा, अ‍ॅव्हरेज पडलं. गडहिंग्लजच्या सब-डीलरकडं गेलो तर म्हणाला दादा आमच्याकडं टूल (कोड वाचायचं कंपनीचं यंत्र) नाही, टूल मेन डीलरकडं, कोल्हापूरला. म्हणजे अधिकृत बोर्ड लावलेल्या माणसाला पण तुम्ही टूल दिलेलं नाही! गेलो कोल्हापूरला. त्यांनी लॅपटॉप लावला, काहीतरी दाबलं, दिवा गेला. काय कोड होता विचारलं तर "सेन्सरचा इश्यू आहे, वायरिंगसकट बदलावा लागेल, पार्ट मागवतो". कुठला सेन्सर? "इंजिनाचा". प्रिंट द्या म्हणलं तर "तशी पॉलिसी नाही सर". जॉब कार्डावर लिहिलं काय तर 'स्कॅनिंग' आणि त्यापुढं लेबरचा आकडा. तिथनं निघालो आणि निपाणी ओलांडून उत्तूरला येईपर्यंत दिवा परत हजर.

मग मी ऑनलाईन एक ब्लूटूथचा ईएलएम ३२७ डोंगल (गाडीतले कोड मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र) आणि सहा पिनांवरनं सोळा पिनांवर जाणारी केबल मागवली. दोन्ही मिळून तुमच्या एका सर्व्हिसच्या बिलापेक्षा स्वस्त. सीट काढली, खाली लाल टोपीचा सहा पिनांचा कपलर (वायरी जोडायचा सॉकेट) असतोच, टोपी काढून केबल लावली, चावी फिरवली, मोबाईलवर अ‍ॅप उघडलं. कोड आला पी ०११८. म्हणजे कूलंटचं, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट, व्होल्टेज जास्त. लाईव्ह डेटा बघितला तर बॅटरी ठीक, हवेचं तापमान २४, आणि कूलंटचं तापमान उणे ४०.

आजऱ्यात. उणे ४०.

ज्याला थोडी वायरिंग कळते त्याला इथंच सगळं कळलं. हा सेन्सर गार असताना जास्त रेझिस्टन्स दाखवतो आणि गरम झाला की कमी, त्यामुळं वायर तुटली किंवा पिन सुटली की ईसीयूला वाटतं बाहेर बर्फ पडलाय, आणि बर्फात इंजिन चालवायचं म्हणून तो पेट्रोल ओतत बसतो. वास, डचमळणं, अ‍ॅव्हरेज, सगळ्याचा हिशोब लागला. मी सेन्सरचा कपलर बोटानं दाबला, आकडा २६ झाला. सोडला, परत उणे ४०. कपलर उघडला तर एका पिनेवर हिरवा गंज चढलेला, पाणी आत जाऊन. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पिन सुईनं जरा आवळली, वरनं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं, कोड क्लिअर केला. दिवा आजतागायत लागलेला नाही. सेन्सर जुनाच आहे आणि वायरिंग पण जुनंच आहे. जे बदलायला सांगितलं होतं त्याचा आकडा मी इथं लिहीत नाही, कारण मला कुठल्या एका डीलरला बदनाम करायचं नाहीये, बाकीच्यांचं पण असंच चाललंय हे दुचाकी वापरणाऱ्या कुणालाही विचारा.

आता तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली, कोडची. पी शून्यानं सुरू होणारे कोड सगळीकडं सारखे असतात म्हणून मला पी ०११८ कळला. पण पी १ नं सुरू होणारे कोड ज्या त्या कंपनीचे असतात, त्यांचा अर्थ तुमच्या कागदावरच असतो आणि तो कागद तुम्ही विकत पण देत नाही. आता तर दुचाकीसाठी सहा पिनांच्या कपलरचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयएसओ १९६८९, बऱ्याच गाड्यांवर तोच कपलर येतो. म्हणजे भोक सगळ्यांचं सारखं आणि आतली भाषा ज्याची त्याची. काही गाड्या तर साध्या स्कॅनरला ओळखच देत नाहीत, "कनेक्ट होत नाही" एवढं म्हणून अ‍ॅप गप्प बसतं. बीएस-६ आल्या आल्याच्या काही गाड्यांवर निदान दोन वायरी जोडल्या की दिवा मिणमिणून कोड तरी सांगायचा, लांब मिणमिण म्हणजे दहा आणि छोटी म्हणजे एक, मोजत बसायचं. तेवढी पण माणुसकी आता राहिली नाही.

दुसरी, एबीएसची (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), आणि ही मला सगळ्यात गंभीर वाटते. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि सगळ्यांना एप्रिल २०१९ पासून. फार चांगलं, घाटात ओल्या रस्त्यावर त्यानं जीव वाचतो. पण एबीएसचा दिवा लागला तर साधा स्कॅनर तिकडं पोचतच नाही, तो फक्त इंजिनाशी बोलतो. मागच्या चाकाच्या स्पीड सेन्सरवर चिखल बसलाय का वायर तुटलीय का मॉड्युलच गेलंय, काहीही असलं तरी दिवा एकच. माझ्या ओळखीचे कितीतरी जण तो दिवा तसाच पेटता ठेवून चालवतात कारण कोल्हापूरला जायला वेळ नाही. एबीएस बंद असलेली गाडी घेऊन आंबोली घाट उतरतात ती माणसं. काही गाड्यांत तर मॉड्युलमध्ये हवा गेली तर ती काढायला आतला पंप टूलनंच फिरवावा लागतो, म्हणजे ब्रेकची मास्टर किट बदलणाऱ्या गावातल्या मेस्त्रीनं काय करायचं? तो आपला लिव्हर दाबून दाबून जमेल तेवढी हवा काढतो, लिव्हर जरा मऊ लागतोय असं गिऱ्हाईकाला सांगतो आणि पाठवून देतो.

तिसरी छोटी आहे पण डोक्यात जाते. सर्व्हिसचे किलोमीटर झाले की मीटरवर पान्याचं चित्र येतं. ऑईल मी बदललंय, फिल्टर मी बदललाय, तुमच्याच ग्रेडचं ऑईल, तुमचाच फिल्टर. पण काही मॉडेलवर तो पाना फक्त डीलरचं टूल घालवू शकतं. एक चित्र घालवायला सर्व्हिस सेंटरची वारी, तिथं गेलं की "जनरल चेकअप पण करून घेऊ सर".

चौथी, सर्व्हिस मॅन्युअल. मला ते फुकट नकोय, मी पैसे देतो. पण विकायलाच नाही. गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं त्यात काहीही विचारा, "अधिकृत डीलरशी संपर्क साधा". टॉर्कचे आकडे, टॅपेटचा गॅप, वायरिंगचा नकाशा, कुठल्या पिनेवर किती व्होल्ट पाहिजेत, हे सगळं आम्ही टेलिग्रामवर चोरीच्या पीडीएफमध्ये शोधतो, आणि ते पण बऱ्याचदा परदेशातल्या मॉडेलचं निघतं. तुमच्याच गिऱ्हाईकाला तुम्ही चोरीचा माल धुंडाळायला लावता.

आणि मेस्त्री लोकांचं काय? आमच्या स्टँडजवळचा मेस्त्री, त्याच्या हाताला गुण आहे, इंजिनाचा आवाज ऐकून बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगतो. बीएस-६ गाडी आली की तो आता आधी विचारतो, दिवा लागलाय का? लागला असेल तर हात लावत नाही. त्याच्याकडं तुमचं टूल नाही आणि मिळणार पण नाही कारण तुम्ही ते बाहेर देतच नाही, आणि बाजारात जे सगळ्या कंपन्यांना चालणारे स्कॅनर मिळतात त्यांची किंमत त्याच्या छोट्या गॅरेजला झेपत नाही, वर दरवर्षी अपडेटचे पैसे. आयटीआयला मोटर मेकॅनिक करून बाहेर पडणारी पोरं शिकणार काय आणि उघडणार काय? या देशात वर्षाला दोन कोटींच्या आसपास दुचाकी विकल्या जातात. त्या सगळ्या आयुष्यभर अधिकृत सेंटरलाच जाणार आहेत असं तुम्हाला पण वाटत नसेल. वॉरंटी संपली की गाडी गल्लीतच येते. तिथं तिला आंधळेपणानं दुरुस्त करावं लागू नये एवढंच म्हणतोय.

वॉरंटीचं निघालं म्हणून, ती धमकी पण बंद करा. "बाहेर डोंगल लावला तर वॉरंटी जाईल" असं मला काउंटरवर सांगितलं गेलंय, आणि लेखी द्या म्हणल्यावर विषय बदलला.

तुमची बाजू मला माहिती आहे. सेफ्टी म्हणाल, प्रदूषण म्हणाल, लोक ईसीयूचं मॅप (कधी किती पेट्रोल सोडायचं त्याचं सेटिंग) बदलतील म्हणाल. कोड वाचणं वेगळं आणि मॅप बदलणं वेगळं. ज्यांना मॅप बदलायचाय ते आजही बदलतातच, शहरात उघड बोर्ड लावून रिमॅपची दुकानं चालतात, त्यांना तुमच्या कुलपानं काही अडलेलं नाही. अडलंय ते मला, ज्याला गाडी कंपनीतून आली तशीच ठेवायचीय. ईसीयूत बदल करायची सोय खुशाल कुलूप लावून ठेवा, मला वाचायचंय फक्त, आणि आयडलिंग रिसेट, पाना घालवणं, एबीएसची हवा काढणं असली दुरुस्तीची कामं करायचीत. आणि प्रदूषणाचंच बोलायचं तर उणे ४० समजून पेट्रोल ओतणारी गाडी महिनाभर तशीच फिरली असती तर हवा काय स्वच्छ झाली असती का? पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन बघतो, ईसीयूला तो काही विचारत नाही. ते विचारणारा या साखळीत एकच माणूस उरतो, गाडीचा मालक, आणि नेमकं त्यालाच तुम्ही बाहेर ठेवलंय.

आता ग्राहक व्यवहार विभागाकडं वळतो. साहेब, हे काय मी नवीन शोधून काढलेलं नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्येच १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींच्या वर दंड ठोकला होता, कारण त्या बाहेरच्या गॅरेजना सुटे पार्ट आणि डायग्नोस्टिक टूल देत नव्हत्या. नुसतं बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, हे पण त्याच आदेशात आहे. पुढं अपिलं झाली, वर्षं गेली, आणि दुचाकीवाल्यांचा तर त्यात विषयच नव्हता. मग जुलै २०२२ मध्ये तुमच्याच विभागानं राईट टू रिपेअरची, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काची, समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती वस्तू आणि वाहनं असे चार विभाग धरले, डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल पण सुरू केलं. मला खूप बरं वाटलं होतं, खरंच. पोर्टलवर जाऊन बघितलं, माझ्या गाडीची कोड लिस्ट काही तिथं मला सापडली नाही. त्यानंतर दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक (वस्तू दुरुस्त करायला किती सोपी त्याचे गुण) काढायची समिती झाली, २०२५ मध्ये तिचा अहवाल आला, तो मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी. मोबाईल बिघडला तर माणूस चिडतो. एबीएसचा दिवा लागलेली गाडी घाटात काय करेल याचा विचार त्याच्या आधी व्हायला पाहिजे होता.

तिकडं युरोपात दुचाकीसाठी २०१३ चा १६८ नंबरचा नियम आहे, त्यात स्वतंत्र गॅरेजना दुरुस्तीची माहिती द्यायची हे कंपन्यांवर बंधन आहे. आपल्याकडच्या कंपन्या तिकडं गाड्या विकतात, म्हणजे तिथं विकायचं तर ती माहिती तयार करावी लागतेच. तीच इथं द्यायला काय अडचण आहे हे मला समजत नाही. आमची गाडी वेगळी आहे का आम्ही वेगळे आहोत?

तर मागण्या अशा:

१) प्रत्येक मॉडेलची पूर्ण कोड लिस्ट, कंपनीचे स्वतःचे कोड धरून, वेबसाईटवर फुकट टाका. हिंदी-मराठीत असेल तर उत्तम, इंग्रजीत असली तरी आम्ही लावून घेऊ.

२) ज्या गाडीत ब्लूटूथ आहे तिच्या अ‍ॅपमध्ये कोड दाखवा. यासाठी नवीन सेन्सर लागत नाही, नवीन वायर लागत नाही.

३) सर्व्हिस मॅन्युअल आणि वायरिंगचा नकाशा वाजवी किमतीत कुणालाही विकत द्या.

४) एबीएसची हवा काढणं, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ केल्यावरचं आयडलिंगचं रिसेट आणि सर्व्हिसचा पाना घालवणं, ही तीन कामं करू शकणारं सॉफ्टवेअर छोट्या गॅरेजला आणि मालकाला परवडेल अशा दरात द्या. दिवसाच्या भाड्यानं दिलं तरी चालेल.

५) सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅन केलं की रिपोर्टची प्रिंट किंवा पीडीएफ गिऱ्हाईकाला मिळालीच पाहिजे. आणि कोड काय होता ते सांगितल्याशिवाय क्लिअर करायचा नाही.

६) स्कॅनर लावला म्हणून वॉरंटी जात नाही हे वॉरंटीच्या पुस्तकात स्पष्ट छापा. बाहेरच्या कामानं नुकसान झालं तर तेवढ्यापुरती नाकारा, ते मान्य आहे.

७) विभागासाठी: वरचं सगळं कंपन्यांच्या मर्जीवर सोडू नका, नियम करा, आणि राईट टू रिपेअरमध्ये दुचाकीचा विषय पुढं नेमका कुठं अडलाय ते जाहीर सांगा.

यातली पाचवी मागणी तुम्ही उद्या सकाळपासून सुरू करू शकता, तिला ना समिती लागते ना सॉफ्टवेअर, सगळ्या डीलरना एक मेल टाकली की झालं. बाकीच्यांना वेळ लागेल हे कळतं, पण किती लागेल ते कळवा. "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" असलं उत्तर मला आधी आलेलं आहे, ते परत नको. मॅन्युअल विकायला कधी ठेवताय ती तारीख सांगा.

आपला,
एक गिऱ्हाईक, आजरा, जि. कोल्हापूर